ईम: सीमेच्या आत राहिलेलं गाव

आज आपण इंग्लंडमधल्या एका लहानशा खेड्यात जाणार आहोत. डर्बीशायर परगण्यात, शेफील्ड शहराच्या नैर्ऋत्येला साधारण वीस किलोमीटरवर डोंगराच्या कुशीत हे गाव आहे. त्याचं नाव ईम. इंग्रजी स्पेलिंग पाहिलं तर आपल्याला ‘इयाम’ म्हणावंसं वाटतं, पण तिथले लोक नुसतं ‘ईम’ म्हणतात. आम्हीही पहिल्यांदा चुकीचंच म्हटलं होतं.

शेफील्डहून मँचेस्टरच्या बाजूला जाणारी रेल्वे एका लांबलचक बोगद्यातून बाहेर पडते आणि ग्रिंडलफर्ड नावाचं छोटंसं स्टेशन येतं. तिथून चढ चढून ईमला जाता येतं. गाव म्हणजे मुख्यतः एकच लांब रस्ता. दोन्ही बाजूंना करड्या दगडाची घरं, मध्ये सेंट लॉरेन्सचं चर्च, समोरच्या बाजूला सतराव्या शतकातला ईम हॉल हा वाडा. चर्चच्या आवारात सॅक्सन काळातला, म्हणजे हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा कोरीव दगडी क्रूस उभा आहे. हा सगळा मुलूख पीक डिस्ट्रिक्ट या राष्ट्रीय उद्यानात येतो. १९५१ साली जाहीर झालेलं ते ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. म्हणजे निसर्ग बघायला येणारी माणसं इथे भरपूर. पण ईमला येणारे बहुतेक जण निसर्गासाठी येत नाहीत, ते प्लेगसाठी येतात. घरांसमोर पाट्या लावलेल्या आहेत: या घरात अमुक साली अमुक इतकी माणसं प्लेगने गेली. आणि त्या घरांत आजही लोक राहतात. खिडकीत फुलांच्या कुंड्या, दारात गाडी, आणि बाहेर मृतांची यादी.

आधी गोष्ट जशी सांगितली जाते तशी ऐकू. मग ती पायी फिरून तपासू.

१६६५ साली लंडनमध्ये प्लेगचा मोठा कहर झाला. त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या अखेरीस ईममध्ये लंडनहून कापडाची एक पेटी आली. ज्या घरात आली तिथे जॉर्ज व्हिकर्स नावाचा शिंपी कामाला होता. कापड दमट होतं, म्हणून त्याने ते शेकोटीपुढे वाळत घातलं. ७ सप्टेंबर १६६५ रोजी तो मेला. त्या घराची मालकीण मेरी. पहिला नवरा वारल्यावर तिने अलेक्झांडर हॅडफील्डशी लग्न केलं होतं. पहिल्या नवऱ्याचे दोन मुलगे होते. चार वर्षांचा एडवर्ड २२ सप्टेंबरला गेला, बारा वर्षांचा जोनाथन २ ऑक्टोबरला. पुढच्या ऑगस्टमध्ये नवराही गेला. मेरी एकटी वाचली. तिचे एकंदर तेरा नातेवाईक गेले, असं घराबाहेरच्या पाटीवर लिहिलेलं आहे.

थंडीत साथ मंदावली. लोकांना वाटलं, सुटलो. पण १६६६च्या उन्हाळ्यात ती पुन्हा भडकली. गावचा धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन हा जेमतेम अठ्ठावीस वर्षांचा तरुण होता आणि गावात येऊन त्याला दोनच वर्षं झाली होती. त्याने गावकऱ्यांसमोर तीन गोष्टी ठेवल्या. एक, ज्याने त्याने आपले मृत आपल्याच शेतात किंवा परसात पुरावेत, चर्चच्या आवारात आणू नयेत. दोन, प्रार्थना चर्चमध्ये न होता उघड्यावर, ककलेट डेल्फ नावाच्या खोलगट जागी व्हावी, आणि प्रत्येक कुटुंबाने दुसऱ्यापासून अंतर राखून उभं राहावं. तीन, कुणीही गावाची सीमा ओलांडू नये. बाहेरच्यांनी सीमेवर धान्य ठेवावं आणि गावकऱ्यांनी त्याचे पैसे तिथेच ठेवावेत. चॅट्सवर्थच्या अर्ल ऑफ डेव्हनशायरने अन्नाची सोय केली. गावाने हे मान्य केलं. १ नोव्हेंबर १६६६ रोजी शेवटचा बळी गेला. एकूण सुमारे २६० माणसं मेली. साथ शेजारच्या गावांत गेली नाही. आपण मरू, पण शेजारी वाचवू, असं गावाने ठरवलं आणि पाळलं.

गोष्ट ऐकताना गळा दाटून येतो. आमचाही आला. पण इतिहास वाचणाऱ्याला त्यानंतर एक काम उरतं. ‘गावाने ठरवलं’ असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं कुणी ठरवलं, हे विचारायचं. आपल्याकडेही ‘गावाने ठरवलं’ म्हणतात. त्या बैठकीत कोण ओट्यावर बसलेलं असतं आणि कोण लांब उभं असतं, हे आपल्याला चांगलं माहीत आहे.

चला, गावातून पूर्वेकडे निघू. अर्ध्या-पाऊण तासाच्या आत एका उघड्या माळावर येतो. दगडी कुंपणाच्या आत काही थडगी आहेत. यांना रायली ग्रेव्हज म्हणतात. ही हॅनकॉक कुटुंबाची. ३ ते १० ऑगस्ट १६६६ या आठ दिवसांत एलिझाबेथ हॅनकॉकने नवरा आणि सहा मुलं गमावली. ती सगळी तिने स्वतः ओढत नेऊन पुरली, असं गाव सांगतं. मदतीला कुणी येणं शक्य नव्हतं, कारण नियमच तसा होता. आज ती जागा नॅशनल ट्रस्ट सांभाळतो. वारा जोरात असतो, खाली दरी दिसते, आणि थडग्यांवरची नावं वाचायला वाकावं लागतं.

आता परत चर्चच्या आवारात या. सॅक्सन क्रूसाजवळ एक नीटनेटकं थडगं आहे. ते कॅथरीन मॉम्पेसनचं, धर्मगुरूच्या बायकोचं. नवऱ्याबरोबर गावात राहून तिने आजाऱ्यांची विचारपूस केली आणि २५ ऑगस्ट १६६६ रोजी तीही गेली. तिच्या धैर्याबद्दल शंका नाही. पण हॅनकॉकांची सहा मुलं माळावर आहेत आणि धर्मगुरूची पत्नी चर्चच्या आवारात. दोन मृत्यूंमध्ये जेमतेम दोन आठवड्यांचं अंतर आहे. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

मॉम्पेसनला दोन लहान मुलं होती. सीमा बंद होण्यापूर्वीच त्याने त्यांना बाहेर पाठवलं होतं. गावातली काही सधन मंडळीही आधीच निघून गेली होती. यात त्यांना दोष द्यायचा नाही, आपणही मुलांना पाठवलंच असतं. पण जायला बाहेर कुणीतरी नातलग लागतो, घोडा लागतो, पैसा लागतो. या गावात बहुतेक लोक शेतात आणि शिशाच्या खाणींत राबणारे. कमाई हातावरची, जायला ठिकाण नाही. बरं, गेले असते तर त्यांना घेतलं असतं का? शेफील्डच्या कॉन्स्टेबलांच्या हिशेबवह्यांत एक खर्च नोंदलेला आहे. ईममध्ये साथ होती तेव्हा फुलवुड या ठिकाणी लोकांना अडवण्यासाठी पहारा बसवला, त्याचा तो खर्च. म्हणजे सीमेवर आतून जशी शपथ होती, तसा बाहेरून पहाराही होता.

शिवाय कायदा होताच. १६०४च्या प्लेगच्या कायद्यानुसार, ज्या घरात रोग आहे तिथल्या माणसाला कोंडून ठेवता येत असे. अंगावर गाठ असताना कुणी बाहेर हिंडला तर त्याला फाशीही होऊ शकत होती. शहरांत आजारी घराला बाहेरून कुलूप, दारावर लाल फुली आणि पुढे पहारेकरी. इंग्लंडमधल्या गरिबांना ‘विलगीकरण’ ही गोष्ट नवी नव्हती. ईमचं वेगळेपण एवढंच की इथे कुलूप एकेका घराला न लावता सगळ्या गावाला लावलं, आणि लावण्यापूर्वी गावाला विचारलं.

आणि विचारलं कुणी? इथे दुसरा माणूस येतो. अनेक वर्षं तो गोष्टीतून जवळजवळ गळालेलाच होता. त्याचं नाव थॉमस स्टॅनली. क्रॉमवेलच्या काळात तोच ईमचा धर्मगुरू होता. राजेशाही परत आली, १६६२ साली सर्व धर्मगुरूंनी ठरावीक प्रार्थनापुस्तक मानावं असा कायदा झाला. स्टॅनलीने तो मानला नाही आणि त्याला पद सोडावं लागलं. गावाचा जीव त्याच्यावर होता. नव्या, तरुण मॉम्पेसनवर गावाचा भरवसा बसायचा होता. म्हणजे एक सरकारमान्य पण उपरा, दुसरा गावाचा लाडका पण सरकारला नकोसा. हे दोघे एकमेकांचे विरोधक. साथीत दोघे एकत्र उभे राहिले, म्हणून गावाने ऐकलं. आमच्या मते या इतिहासातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे. मॉम्पेसनचं एकट्याचं वजन त्या कामाला पुरलं नसतं.

आता दक्षिणेकडे चालू. शेतांतून जाणारी पायवाट शेजारच्या स्टोनी मिडलटन गावाकडे उतरते. वाटेत गवतात एक बसका धोंडा आहे, त्यावर सहा भोकं. हाच सीमेचा दगड. या भोकांत व्हिनेगर भरून गावकरी त्यात नाणी टाकत, म्हणजे नाण्यांवरचं विष निघून जाईल अशी समजूत. लहान मुलं आजही त्या भोकांत बोट घालून बघतात. शेकडो वर्षांच्या बोटांनी कडा गुळगुळीत झाल्या आहेत. उत्तरेला टेकडीवर मॉम्पेसनची विहीर आहे. विहीर म्हणजे आपल्याला वाटते तशी नाही, एक झरा आहे. तिथेही असाच व्यवहार चाले.

स्टोनी मिडलटनशी आणखी एक गोष्ट जोडलेली आहे. ईमची एमट सिडल आणि मिडलटनचा रोलंड टॉर. दोघांचं लग्न ठरलेलं. साथ आल्यावर ते ककलेट डेल्फमध्ये लांबून, दरीच्या दोन बाजूंनी एकमेकांना बघत. एक दिवस ती यायची थांबली. सीमा उघडल्यावर रोलंड धावत गावात आला, तेव्हा त्याला कळलं. चर्चच्या रंगीत काचेच्या खिडकीत हे दोघे दाखवलेले आहेत आणि बहुतेक प्रवासी तिथे थांबतात. आता तारखा बघा. नोंदीप्रमाणे एमट एप्रिल १६६६च्या अखेरीस वारली. सीमा बंद झाली जूनमध्ये. म्हणजे या दोघांना वेगळं करणारी ती प्रसिद्ध सीमा तेव्हा अजून आखलेलीच नव्हती. एमट होती, ती तरुण वयात मेली, हे खरं. बाकीचं लोकांनी तिच्या आठवणीभोवती रचलेलं दिसतं.

मग ही गोष्ट रचली कुणी? मॉम्पेसनची त्या वेळची तीन पत्रं आहेत. नोव्हेंबर १६६६च्या पत्रात तो सांगतो की ७६ कुटुंबांत रोग शिरला आणि २५९ माणसं मेली. त्यात शौर्याची भाषा नाही, थकवा आहे. नंतर अठराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये प्लेग आला, इंग्लंड घाबरलं, तेव्हा रिचर्ड मीड या डॉक्टरने आपल्या पुस्तकात ईमचा दाखला दिला. त्यानंतर ईममध्ये जन्मलेली कवयित्री ॲना सूअर्ड हिने तो भावपूर्ण केला. आणि १८४२ साली विल्यम वुड या ईमच्याच माणसाने गावाचा इतिहास लिहिला, त्यात गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडच्या कथा गोळा केल्या. आज पाट्यांवर, माहितीपत्रकांत आपण जे वाचतो त्यातलं बरंचसं वुडकडून आलेलं आहे. म्हणजे घटनेनंतर पावणेदोनशे वर्षांनी.

आकड्यांचंही तसंच. जुन्या कथेत गावची वस्ती साडेतीनशे आणि वाचलेले फक्त ८३. पुढे संशोधकांनी चुलींवरच्या कराच्या याद्या आणि चर्चच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा वस्ती सातशेच्या आसपास किंवा थोडी जास्तच निघते. मृत साधारण तेवढेच राहतात, पण चारातले तीन मेले याऐवजी तिघांतला एक किंवा थोडे जास्त मेले, असं म्हणावं लागतं. दुःख यामुळे कमी होतं का? मुळीच नाही. मेरी हॅडफील्डला टक्केवारीशी काय देणंघेणं?

आता मुंबईचा संबंध सांगतो. मार्गदर्शक सांगतात, कापडात पिसवा होत्या. हे १६६५ साली कुणालाच माहीत नव्हतं. व्हिकर्सला नाही, मॉम्पेसनला नाही, १८४२ साली वुडलाही नाही. उंदीर, पिसू आणि माणूस ही साखळी उलगडली ती १८९६ला मुंबईत सुरू झालेल्या साथीमुळे. पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर त्या साथीत इथे आला. मुंबईत आणि मग कराचीत काम करून १८९८ साली त्याने उंदरावरची पिसू रोग नेते हे दाखवलं. आधी लोकांनी त्याची थट्टा केली. पुढे परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या कामाने ते पक्कं झालं. ईमच्या त्या कापडाच्या पेटीतल्या पिसवा आपल्याला दिसतात, त्या मुंबई-कराचीतल्या मृत्यूंनी दाखवलेल्या आहेत.

आणि इथेच एक अवघड प्रश्न उभा राहतो. त्या साथीत आपल्याकडे खेड्यांतल्या लोकांनी काय केलं? उंदीर पडायला लागले की गाव मोकळं करायचं, माळावर झोपड्या घालून राहायचं. रोग उंदरांच्या पिसवांतून येत असेल तर हे शहाणपणाचं होतं. मग ईमने उलटं केलं का? उंदरांच्या सोबतीला घरातच बसून राहिले आणि त्यामुळे जास्त मेले? बऱ्याच वर्षांपासून काही अभ्यासक असंच म्हणत आले. पण २०१६ साली दोघा संशोधकांनी ईमच्या मृत्यूंच्या तारखा, घरं, नाती मांडून गणित केलं. त्यांच्या हिशेबाने सुमारे तीन चतुर्थांश संसर्ग माणसाकडून माणसाला, मुख्यतः घरातल्या घरात, झाला होता. उंदरांकडून थेट आलेला भाग लहान. तसं असेल तर सीमा बंद करण्याने बाहेरच्यांचं खरोखर रक्षण झालं असण्याची शक्यता वाढते. त्याच अभ्यासात हेही दिसलं की मुलांना आणि गरिबांना धोका अधिक होता. शेवटचा शब्द अजून कुणी उच्चारलेला नाही.

पुण्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८९७ साली पुण्यातही रोगी वेगळे काढले गेले, पण गोऱ्या सोजिरांनी घरात शिरून. त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री रँडवर झाडलेल्या गोळीत झाला. उपाय दोन्हीकडे कडकच होता. फरक आहे तो सांगणाऱ्यावर लोकांचा विश्वास आहे की नाही यात. ईमकडे स्टॅनली होता.

आता ईमपासून आठ-दहा किलोमीटरवर असलेल्या चॅट्सवर्थला जाऊ, कारण धान्य तिथून आलं. आज प्रवासी जो भव्य वाडा बघतात तो प्लेगनंतरचा, १६८७पासून पुढे बांधलेला. शेजारच्या टेकडीआड एडन्सर नावाचं गाव आहे. त्याचाही उच्चार फसवा, ‘एन्झर’. सुंदर घरं, एकासारखं दुसरं नाही. हे इतकं चित्रासारखं का? तर एकोणिसाव्या शतकात सहाव्या ड्यूकला वाड्यातून दिसणाऱ्या देखाव्यात गाव नको होतं. म्हणून १८३०च्या दशकाच्या अखेरीस जुनी घरं हलवून नजरेआड नवं गाव वसवलं. जोसेफ पॅक्स्टन, ज्याने पुढे लंडनचा क्रिस्टल पॅलेस उभारला, त्याचा या कामात हात होता. त्याची कबरही तिथेच आहे. घरं जुन्यापेक्षा चांगली मिळाली, हे मान्य. पण एका दिवसात दोन्ही गावं बघितली की लक्षात येतं: एक गाव जागचं हललं नाही आणि एक गाव हलवलं गेलं. एका ठिकाणी निदान विचारणा झाली होती.

दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी ईममध्ये प्लेग संडे पाळतात. चर्चमधून मिरवणूक निघते, ककलेट डेल्फमध्ये उघड्यावर प्रार्थना होते. २०२०च्या टाळेबंदीत इंग्लंडमध्ये या गावाचं नाव पुन्हा पुन्हा घेतलं गेलं, लोकांना घरात बसायला सांगताना. तेव्हा आम्हाला हॅनकॉकांचा माळ आठवत होता. त्याग करा असं सांगणं सोपं असतं. तो कोणाच्या घरातून जास्त जातो, हे मोजायला कुणी बसत नाही.

मॉम्पेसनचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. काही वर्षांनी त्याची नॉटिंगहॅमशायरमधल्या ईकरिंग गावी बदली झाली. तिथल्या लोकांनी त्याला गावात येऊ दिलं नाही. प्लेगच्या गावचा माणूस म्हणून भीती. भीती कमी होईपर्यंत त्याला जवळच्या रफर्डच्या रानात एका झोपडीत राहावं लागलं, असं सांगतात. ज्याने सीमा आखली होती, तो दुसऱ्या गावाच्या सीमेबाहेर बसला होता.

तुम्ही ईमला गेलात तर खिडकीतल्या एमटपुढे थांबाच, पण मग रायलीच्या माळापर्यंतही चालत जा. चढ आहे, जोडे बरे घाला. आता तुमचे प्रश्न असतील तर घेऊ.